डॉक्ट्रिन म्हणजे शिकवण : धर्मांतली आणि फौजेंतली

(एका गांवच्या वाचनालयांत सुगीनंतर केलेलें भाषण)



आज या वाचनालयांत आम्ही उभे आहों तें एका मुलाच्या प्रश्नामुळें. हा मुलगा फौजेच्या भरतीची तयारी करीत आहे. पहाटे माळावर धांवतो आणि दुपारीं येथें बसून वर्तमानपत्रें वाचतो. गेल्या महिन्यांत त्यानें आम्हांस पारावर गांठून विचारलें, "तात्या, पेपरांत 'लष्कराचें डॉक्ट्रिन', 'अणुडॉक्ट्रिन' असें येतें. शब्दकोशांत पाहिलें तर त्याच शब्दाला 'धर्ममत' असाहि अर्थ दिला आहे. मग फौजेलाहि धर्म असतो काय? आणि तो मोडला तर पाप लागतें कीं शिक्षा होते?"

पारावरची मंडळी हंसली. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. उद्यां हा मुलगा भरती झाला म्हणजे ज्या शिकवणीखालीं तो उभा राहील ती कोणीं लिहिली, ती चुकली तर किंमत कोण देतो, हें त्याला कळलें पाहिजे आणि त्याच्या आईलाहि कळलें पाहिजे. ती माउली आज पुढच्या रांगेंत बसली आहे. आम्ही कधीं फौजेंत नव्हतों आणि कोणत्या मठांतहि नव्हतों. शेती केली आणि जें वाचतां आलें तें वाचलें. तेंच तुमच्यापुढें ठेवतों.

प्रथम शब्द पाहूं. 'डॉक्ट्रिन' हा शब्द लॅटिन भाषेंतला. त्या भाषेंत 'डोकेरे' म्हणजे शिकविणें. जो शिकवितो तो 'डॉक्टर', आणि जें शिकविलें जातें तें 'डॉक्ट्रिना'. आज आपण नाडी पाहणाऱ्याला डॉक्टर म्हणतों, पण मूळ अर्थ गुरुजी. तेव्हां या शब्दाला आपल्या घरांतलाच एक शब्द आहे, तो म्हणजे 'शिकवण'. पंडित लोक 'सिद्धांत', 'मतप्रणाली' असे जड शब्द घालतात. घालोत बापडे. पण 'शिकवण' म्हटलें कीं लगेच दोन माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात, एक शिकविणारा आणि एक शिकणारा. मग सहजच विचारतां येतें कीं शिकविणारा कोण, आणि शिकणाऱ्याला तोंड उघडण्याची मुभा आहे कीं नाहीं. 'सिद्धांत' म्हटलें कीं हीं दोन्ही माणसें दिसेनाशीं होतात आणि शब्द तेवढा आभाळांतून पडल्यासारखा वाटतो.

हा शब्द आपल्या मुलखाला नवा नाहीं. गोव्यांत राशोल येथें इ. स. १६२२ मध्यें एक कोंकणी पुस्तक छापून निघालें. तें फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइट पाद्र्यानें लिहिलें होतें. मराठींत 'ख्रिस्तपुराण' रचणारा तोच हा. त्या कोंकणी पुस्तकाच्या नांवांतच 'दौत्रिना' हा शब्द आहे. त्या पाद्र्याचें आम्हांस एक कौतुक वाटतें. आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांनीं मराठींत सांगितलें तरी विधीचीं पुस्तकें संस्कृतांतच कुलूपबंद होतीं. त्यानें मात्र आपल्या धर्माची शिकवण कुणब्याच्या, कोळ्याच्या बोलींत उतरवली. पण पुस्तकाची मांडणी ध्यानांत घ्या. तें प्रश्नोत्तरांचें आहे, आणि त्यांत उत्तरहि ठरलेलें, प्रश्नहि ठरलेला. ठरल्या प्रश्नाबाहेरचा प्रश्न ज्याला पडेल त्याच्यासाठीं गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशन नांवाची धर्मकचेरी बसविलेली होती. शिकवण एका हातांत आणि बेडी दुसऱ्या हातांत, असा तो काळ होता.

आतां धर्मांतली शिकवण कशी तयार होते तें पाहूं. ख्रिस्ती धर्मांत आज जें मुख्य मत मानतात, कीं ख्रिस्त हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, तें इ. स. ३२५ मध्यें नायसिया या गांवीं ठरलें. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन यानें बिशपांची सभा बोलाविली. सुमारें तीनशें बिशप जमले. एरियस नांवाच्या धर्मगुरूचें मत निराळें होतें. वादविवाद झाला, मसुदा झाला, सह्या झाल्या, आणि ज्यांनीं सही केली नाहीं त्यांस हद्दपारी मिळाली. आम्ही त्या मताची निंदा करीत नाहीं. कोट्यवधि लोकांस त्या श्रद्धेनें दुःखांत धीर दिला आहे, आणि दुःखांत धीर देणाऱ्या गोष्टीची चेष्टा करणें हें आमचें काम नव्हे. आम्हांस दाखवावयाचें तें एवढेंच कीं शिकवणीला गांव असतें, साल असतें आणि सह्या करणारे हात असतात.

हे हात जेव्हां लपविले जातात तेव्हां घात होतो. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें म्हणणाऱ्या गॅलिलिओला २२ जून १६३३ रोजीं रोमच्या धर्मकचेरीनें गुडघे टेकून आपलें म्हणणें मागें घ्यावयास लावलें आणि उरलेलें आयुष्य नजरकैदेंत ठेविलें. त्याला वागवितांना चर्चची चूक झाली हें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ३१ ऑक्टोबर १९९२ रोजीं उघडपणें मान्य केलें. मध्यें ३५९ वर्षें गेलीं. पृथ्वी तोंवर फिरतच होती.

पण दुसरीहि एक बाजू आहे, ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सगळ्या यहुदी लोकांच्या माथीं मारण्याची शिकवण युरोपांत शेंकडों वर्षें चालत आली. तिच्या नांवाखालीं यहुद्यांचीं घरें जळालीं, बायकामुलें मारलीं गेलीं. शेवटीं २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं व्हॅटिकनच्या धर्मसभेनें लेखी ठराव करून सांगितलें कीं, तेव्हांच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर हा दोष ठेवतां येत नाहीं. म्हणजे धर्माची शिकवणहि बदलतां येते. तिला बदलण्याची वाट ठेवली पाहिजे आणि त्या वाटेनें जाण्याची हिंमत पाहिजे.

आपल्याकडे तर शिकवणीला 'अपौरुषेय' म्हणण्याची चाल पडली. अपौरुषेय म्हणजे कोणा माणसानें न केलेलें. वेदांपुरतें असलेलें हें विशेषण ज्यांच्या हातीं पोथी होती त्यांनीं हळूहळू आपल्या सोयीच्या सगळ्याच नियमांवर पांघरलें. करणाराच नाहीं म्हटल्यावर जाब कोणाला विचारणार? महाडास २५ डिसेंबर १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मनुस्मृति जाळली, तेव्हां ज्यांच्या तोंडचें पाणी पळालें त्यांस मुख्य दुःख कागद जळाल्याचें नव्हतें. ही माणसांनीं लिहिलेली वही आहे आणि माणसें ती नाकारूं शकतात, हें चारचौघांत उघड झालें, याचें तें दुःख होतें.

आतां फौजेकडे वळूं.

फौजेंतली शिकवण म्हणजे हुकूम नव्हे आणि एखाद्या लढाईचा बेतहि नव्हे. 'त्या टेकडीवर चढा' हा हुकूम झाला. 'उद्यां पहाटे टेकडी घ्यावयाची, तोफा पुलाजवळ ठेवावयाच्या' हा बेत झाला. टेकडीवर चढावयाचें असतें तेव्हां तोफखान्यानें काय करावें, पायदळानें किती अंतर ठेवावें, अधिकारी पडला तर पुढें कोणीं व्हावें, हें जें सर्वांस आधींपासून एकच शिकविलेलें असतें तें डॉक्ट्रिन. तुमच्यांतल्या वडीलधाऱ्यांस मोट आठवत असेल. मोट हांकणारा विहिरीवर आणि दारें धरणारा शेताच्या दुसऱ्या टोंकाला. दोघे एकमेकांस हांक मारीत नव्हते. किती मोटांनीं वाफा भरतो आणि बारें केव्हां मोडावयाचें हें दोघांसहि ठाऊक असे, म्हणून पाणी वायां जात नसे. लढाईंत तारा तुटतात, धूर होतो, वरचा माणूस मरतो. अशा वेळीं शेजारची तुकडी काय करील हें नाइकाला न विचारतां कळलें पाहिजे. त्यासाठीं ही शिकवण लागते.

ती सर्वांस सारखी मिळाली नाहीं तर काय होतें याचें उदाहरण आपल्याच घरचें आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेंत दोन शिकवणी एकत्र नांदत होत्या. मराठ्यांची जुनी रीत गनिमी काव्याची. हलकें रहावें, झटकन् घाव घालावा आणि निसटावें. बाजारबुणगे व बायकामुलें मागें ठेवून त्याच रीतीनें लढावें असा सल्ला मल्हारराव होळकरांनीं व जाटांच्या सूरजमलानें दिला होता असें सांगतात. दुसरी रीत इब्राहीमखान गारद्याची. कवायती पायदळ, तोफा, रांग धरून हळूहळू सरकणें. भाऊसाहेबांनीं गोल बांधून गारद्याच्या रीतीनें लढावयाचें ठरविलें. ती रीत वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं. गारद्यांनीं त्या दिवशीं रोहिल्यांची दाणादाण उडविली. पण ती रीत गारद्यांस येत होती, घोडेस्वार सरदारांस नव्हती. इतिहासकार सांगतात कीं गारद्यांची सरशी पाहून विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार जागा सोडून पुढें धांवले आणि आपल्याच तोफांच्या तोंडापुढें आले. तोफा बंद पडल्या आणि रांग फुटली. पानिपताच्या हाराला उपासमारीपासून फितुरीपर्यंत पुष्कळ कारणें सांगतात. पण शौर्य कमी पडलें असें कोणी म्हणत नाहीं. फौज एक आणि शिकवणी दोन, हें मात्र त्या दिवशीं नडलें.

आतां याच्या उलट रोग पाहूं. शिकवण एकच होती, सर्वांस पक्की पढविली होती, पण ती पोथी होऊन बसली, तर काय होतें? हें फ्रान्सच्या फौजेनें सन १९१४ मध्यें दाखवून दिलें.

सन १८७० च्या लढाईंत जर्मनांकडून मार खाल्लेल्या फ्रेंच सेनाधिकाऱ्यांनीं मनाशीं घेतलें कीं आपण बचाव करीत बसलों म्हणून हरलों. त्यांतून एक मत वाढत गेलें कीं काय वाटेल तें होवो, चाल करून जावयाचें. कर्नल ग्रँमेझाँ नांवाच्या अधिकाऱ्यानें १९११ सालीं या मतावर व्याख्यानें दिलीं, आणि १९१३ च्या नव्या लष्करी नियमांत तेंच उतरलें. चढाई हाच फ्रेंच फौजेचा धर्म, संगीन लावून धांवलें कीं शत्रूचा धीर सुटतो, अशी ती शिकवण. तोंवर मशीनगन आली होती आणि मिनिटाला अनेक गोळे टाकणाऱ्या तोफा आल्या होत्या. सन १९०४-०५ च्या रूस-जपान युद्धांत त्यांचा प्रताप युरोपच्या अधिकाऱ्यांनीं प्रत्यक्ष पाहिला होता. पण जपानी पायदळ मेलें तरी शेवटीं जिंकलें, एवढेंच त्यांतून उचललें. पोथी ज्याला पाठ असते त्याला डोळ्यांनीं पाहिलेलेंहि पोथीसारखेंच दिसतें. शंका काढणारे अधिकारीहि होते. गोळीपुढें नुसती छाती चालत नाहीं असें ते म्हणत. त्यांस भित्रे समजत.

फ्रेंच शिपाई युद्धाला निघाला तो तांबडी विजार घालून. ती बदलावी अशी सूचना लढाईच्या आधींच झाली होती, पण तांबडी विजार म्हणजे फ्रान्स अशी भावना आड आली. मग २२ ऑगस्ट १९१४ चा दिवस उजाडला. बेल्जमच्या व लोरेनच्या सरहद्दीवर धुक्यांतून फ्रेंच पलटणी चाल करून गेल्या. त्या एका दिवसांत सुमारें २७,००० फ्रेंच शिपाई ठार झाले. हा आंकडा कानांवरून जाऊं देऊं नका. आपल्या तालुक्याच्या बाजारांत भरल्या दिवशीं जितकीं माणसें दिसतात त्यांच्या कितीतरी पट तरणीं पोरें सकाळ ते संध्याकाळ मेलीं. त्यांतलीं बहुतेक शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं होतीं, कारण पायदळ कोणत्याहि देशांत तुमच्याआमच्याच घरांतून भरतें. पुढें १९१५ च्या फेब्रुवारींत ग्रँमेझाँ स्वतःहि लढाईंतच पडला. तो लबाड नव्हता, आपल्या शिकवणीसाठीं त्यानें प्राण दिला. पण शिकविणारा प्रामाणिक असला म्हणून शिकवण खरी ठरत नाहीं.

मग फ्रेंच शहाणे झाले काय? झाले, पण तें शहाणपणहि त्यांनीं पोथींत बांधलें. पहिल्या महायुद्धांतून त्यांनीं उलटा धडा घेतला. आतां घाई नको, पक्क्या भिंतींमागें राहूं, प्रत्येक पाऊल वरच्या हुकुमानें टाकूं. सरहद्दीवर मॅजिनो लाइन नांवाची किल्ल्यांची रांग बांधली. मे १९४० मध्यें जर्मन रणगाडे आर्देनच्या जंगलांतून, जेथून फौजा येणें कठीण असें फ्रेंच मानीत होते तेथूनच, आले. फ्रेंच हुकूम वरून खालीं पोहोंचेपर्यंत जर्मन पुढच्या गांवांत असत. सहा आठवड्यांत, २२ जून १९४० ला, फ्रान्सनें तहावर सही केली. एका पिढीला चढाईच्या पोथीनें मारलें आणि दुसरीला बचावाच्या पोथीनें हरविलें.

यामुळें आज शहाण्या फौजा डॉक्ट्रिनची व्याख्याच सावधपणें करतात. नाटो या राष्ट्रांच्या लष्करी संघटनेच्या व्याख्येचा भाव असा आहे कीं शिकवण अधिकृत खरी, पण ती लागू करतांना ज्याची त्यानें अक्कल वापरली पाहिजे. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याची किंमत २२ ऑगस्टला मेलेल्यांनीं दिली आहे.

धर्माची शिकवण आणि फौजेची शिकवण एकाच जागीं भिडल्या असा एक प्रसंग आपल्या देशांत घडला. सन १८५७ मध्यें एनफील्ड बंदुकीचीं नवीं काडतुसें आलीं. कवायतीचा नियम असा कीं काडतुसाचें टोंक दातानें तोडावयाचें. त्याला गाईची व डुकराची चरबी लावली आहे अशी बातमी पसरली. हिंदु शिपाई बिथरला आणि मुसलमान शिपाईहि बिथरला. सरकारनें मग कवायत बदलली आणि काडतूस हातानें फाडण्याची मोकळीक दिली. मेरठास २४ एप्रिल १८५७ रोजीं ९० स्वारांस जीं काडतुसें दिलीं तीं जुन्याच जातीचीं होतीं आणि हातानेंच फाडावयाचीं होतीं. तरी ८५ जणांनीं तीं घेतलीं नाहींत. ९ मे रोजीं सगळ्या पलटणींसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या, आणि १० मे रोजीं मेरठ पेटलें. नियम बदलला तरी शिपाई कां ऐकेना? कारण बदलणाऱ्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. ज्या फौजेंत शिपायाला एरवीं कोणी काहीं विचारीत नाहीं, तेथें ऐन वेळीं 'आतां तुमच्या मनासारखें केलें' म्हटल्यानें तो मानीत नाहीं.

त्या बंडानंतर इंग्रजांनीं काय धडा घेतला तेंहि ऐका, कारण तो आपल्या घरापर्यंत आला. कोणत्या जाती लढाऊ आणि कोणत्या नाहींत अशी एक शिकवण त्यांनीं तयार केली. सन १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापति असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे तिचे मोठे पुरस्कर्ते. उत्तरेकडचे कांहीं समाज जन्मतःच शूर, आणि मद्रास व मुंबई इलाख्यांतले शिपाई दीर्घ शांततेनें मऊ पडलेले, असें त्यांचें मत होतें. पहा, शब्द फौजेचा, पण विचार कोणाचा? जन्मावरून गुण ठरविण्याचा विचार आपल्या पोथीवाल्यांचाच. तो इंग्रजानें उचलला, त्याला शास्त्राचा कोट चढविला आणि भरतीच्या कचेरींत बसविला.

या शिकवणीखालीं १८९२ च्या सुमारास महारांची फौजभरती बंद झाली. ज्या सरकारनें ती बंद केली त्याच सरकारनें भीमा-कोरेगांवास १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ उभारला होता, आणि त्यावर आपल्या बाजूनें पडलेल्यांत बावीस महार शिपायांचीं नांवें कोरलेलीं होतीं. दगड एक सांगत होता आणि शिकवण दुसरेंच. गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनर शिपायानें १८९४ सालीं अर्ज तयार केला कीं आमच्या वाडवडिलांनीं तुमच्यासाठीं रक्त सांडलें, आतां आम्ही अपात्र कसे? कोणी दाद दिली नाहीं. पुढें पहिल्या महायुद्धांत माणूस कमी पडला तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरतांच १९२१ पर्यंत मोडली. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां माणूस लागला, तेव्हां ऑक्टोबर १९४१ मध्यें बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजतागायत आहे.

आणि जे मऊ पडले म्हणून ऐकून घेत होते ते दख्खनचे मराठे? मेसोपोटेमियांत डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ च्या शेवटापर्यंत कुतच्या वेढ्यांत मराठ्यांच्या पलटणी उपाशी पोटीं लढत होत्या. दुसऱ्या महायुद्धांत इटलींत १० जुलै १९४४ रोजीं कुलाबा जिल्ह्याच्या यशवंत घाडगे यांनीं एकट्यानें मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तेथेंच प्राण ठेविला. ९ एप्रिल १९४५ रोजीं नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधवांनीं सेनियो नदीवर गोळ्यांच्या वर्षावांत जखमी सोबत्यांस पाठीवर घेऊन नदीपार आणलें आणि मग परत जाऊन शत्रूचे मोर्चे मोडले. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पन्नास वर्षांपूर्वीं सरसेनापतीनें लिहिलेली शिकवण कुणब्याच्या पोरांनीं खोटी पाडली. पण मधल्या पन्नास वर्षांत किती घरांची भाकरी त्या शिकवणीनें हिरावली, किती जणांच्या कपाळीं 'नालायक' असा शिक्का मारला, त्याचा हिशेब कोणत्या वहींत आहे?

आतां मुलाच्या 'अणुडॉक्ट्रिन' या शब्दाकडे येऊं. हिंदुस्थान सरकारनें ४ जानेवारी २००३ रोजीं तें जाहीर केलें. त्यांत मुख्य गोष्ट अशी कीं अण्वस्त्राचा पहिला वार आपण करावयाचा नाहीं. दुसऱ्यानें केला तर मात्र जबर उत्तर द्यावयाचें, आणि तो हुकूम देण्याचा अधिकार लोकांनीं निवडलेल्या राज्यकर्त्यांकडे राहील. जैविक किंवा रासायनिक अस्त्रांनीं मोठा हल्ला झाला तर अण्वस्त्रानें उत्तर देण्याची मोकळीकहि राखून ठेवली आहे. हें बरें कीं वाईट यावर आज वाद नको. पण फौजेची ही शिकवण शिपायापुरती राहिलेली नाहीं. ती चुकली तर भाजणार तें शेत तुमचें आणि घरहि तुमचें. म्हणून ती वाचण्याचा व तिजवर बोलण्याचा अधिकार नांगरामागें चालणाऱ्यालाहि आहे.

मग शिकवण धरावी तरी कशी? याविषयीं गौतम बुद्धांनीं दोन दाखले दिले आहेत. पाली ग्रंथांत मज्झिम निकाय म्हणून संग्रह आहे, त्यांतल्या एका सुत्तांत ते आहेत. आम्ही आपल्या शब्दांत सांगतों. पहिला दाखला सापाचा. साप पकडणाऱ्यानें त्याला शेपटीकडून धरलें तर तो उलटून चावतो आणि माणूस मरतो. मानेशीं नीट धरलें तर चावत नाहीं. शिकवणहि तशीच. वादांत दुसऱ्याला चीत करण्यासाठीं जो ती धरतो त्यालाच ती डसते. दुसरा दाखला ताफ्याचा. पुराच्या नदीकांठीं एक वाटसरू अडकला. त्यानें काटक्या, वेली, पाचोळा गोळा करून ताफा बांधला आणि हातपाय मारीत पैलतीर गांठलें. आतां या ताफ्यानें आपल्याला तारलें म्हणून तो डोक्यावर घेऊन त्यानें गांवोगांव हिंडावें काय? बुद्ध म्हणतात, माझी शिकवण तरून जाण्यासाठीं आहे, डोक्यावर वाहण्यासाठीं नव्हे. आपल्या शिकवणीविषयीं असें बोलणारा गुरु विरळा.

मुला, आतां तुझ्या प्रश्नाचें उत्तर. फौजेंत हुकूम मोडला तर शिक्षा होते, आणि लढाईच्या ऐन वेळीं तें योग्यहि आहे. चालत्या मोटेखालीं कोणी नाडा तपासीत नाहीं. पण शहाणा शेतकरी आदल्या रात्रीं तपासतो, आणि तुटला तर कां तुटला हें दुसऱ्या दिवशीं पाहतो. शिकवणीला प्रश्न विचारण्याच्या वेळाहि याच दोन आहेत, कामाच्या आधीं आणि कामाच्या नंतर. ज्या फौजेंत या दोन्ही वेळां शिपायाला बोलूं देतात तेथें तूं निर्धास्त जा. धर्माच्या बाबतींत तर कोणाचा गोळीबार चाललेला नसतो. तेथें प्रश्नाला नेहमींच वेळ आहे, आणि 'आतां विचारूं नको' म्हणणाऱ्याची घाई कशासाठीं आहे हें ओळखावें.

शिकवण मोडल्यानें पाप लागतें असें आम्हांस वाटत नाहीं. ती कोणत्याहि वेशांत दारीं आली, भगव्या, काळ्या किंवा खाकी, तरी तिला तीन गोष्टी विचारीत जा. तुला कोणीं केलें आणि केव्हां? तूं चुकलीस तर मरतो कोण, तुला करणारा कीं पाळणारा? आणि चूक कळल्यावर तुला बदलण्याची वाट कोठें आहे? आपण बी विकत घेतों तेव्हां याहून जास्त चौकशी करतों. बैल घेतांना तर दांत मोजतों. पोराचा जीव ज्या शब्दावर टाकावयाचा त्याचे दांत मोजावयास लाजण्याचें कारण नाहीं.

मुलाच्या आईनें आम्हांस येतांना दारांत विचारलें होतें, "तात्या, माझ्या पोरानें फौजेंत असे प्रश्न विचारले तर त्याला घरीं नाहीं ना पाठविणार?" बाई, त्याचें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. पण या गांवांतले फौजेंतून पेन्शन घेऊन आलेले तीनचार गृहस्थ मागें बसले आहेत. आमचें बोलणें येथेंच पुरें करतों. आतां त्यांनीं पुढें यावें, आणि त्यांच्या वेळीं प्रश्न कसा विचारीत आणि त्याला काय उत्तर मिळे, तें या मायलेकरांस सांगावें.